कुयरीचा डबा

जगात औषधं दोन प्रकारची असतात. एक डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि दुसरी लोकांनी आणून दिलेली. पहिल्यांना पैसे पडतात. दुसरी फुकट मिळतात, पण ती देणारा माणूस दर आठ दिवसांनी "घेता ना?" म्हणून विचारायला येतो आणि त्याला चहा करावा लागतो, म्हणजे हिशेब सारखाच. या दुसऱ्या प्रकारच्या औषधांनी सध्या आमच्या घरातलं एक अख्खं फडताळ भरलं आहे. कारण गेल्या दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो.

हात थरथरणं हा फार चहाडखोर रोग आहे. मधुमेह बिचारा दहा-दहा वर्षं मुकाट्यानं राहतो. हा मात्र चार माणसांत कपबशी वाजवून स्वतःची दवंडी पिटतो. बँकेतल्या मुलीनं माझी सही तिसऱ्यांदा परत केली तेव्हा तिनं मोठ्या मायेनं विचारलं, "काका, थंडी वाजते का?" महिना एप्रिल होता आणि गाव अकोट. वऱ्हाडातला एप्रिल ज्यानं भोगलाय त्याला त्या प्रश्नाची खोली कळेल.

तर सही बिघडल्याची बातमी गावभर झाली आणि पुड्या येऊ लागल्या. कुणी अश्वगंधा आणली, कुणी शतावरी. शेजाऱ्यांनी कवचबीजाच्या चूर्णाची बाटली दिली. आणि माझ्या भाच्यानं, जो पुण्यात जन्मला आणि जर्मनीत पोटाला लागला, त्यानं येताना वाळलेल्या पानांची एक देखणी पुडी आणली. तिच्यावर हिरव्या करवती पानाचं चित्र होतं.

"मामा, हे नेटल. चहासारखं उकळून घ्यायचं."

"हातासाठी?"

"तसं सांधेदुखीवर घेतात, लघवी साफ व्हायला घेतात. पण चांगलंच असतं ते सगळ्याला. गंमत म्हणजे ताजं असताना याला हात लावला तर आग आग होते. वाळवलं की काही नाही."

"म्हणजे तुमची खाजकुयरीच की रे ही!" मी म्हणालो. भाच्यानं माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्यानं पाहिलं. ज्याच्या आयुष्यात खाजकुयरी आलेलीच नाही अशा माणसाशी काय बोलणार? आम्ही चहाकडे वळलो. साध्या.

पण नेटलचं आणि कुयरीचं नातं काही डोक्यातून जाईना. नातं म्हणजे रक्ताचं नाही हं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं या दोघी एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत. नेटल ही युरोपात उकिरड्याच्या कडेनं माजणारी झुडपी. तिच्या पानांवर काचेच्या नळीसारखे पोकळ केस असतात. धक्का लागला की टोक तुटतं आणि आतला रस, ज्यात हिस्टामिनसारखी दाहक द्रव्यं असतात, तो कातडीत जातो. आपल्याकडे हिमालयात तिची भावकी आहे. गढवालात तिला कंडाली म्हणतात आणि चिमट्यानं तोडून तिची चक्क भाजी करतात. शिजवली किंवा वाळवली की तिचा डंख जातो. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली, कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी या नेटलच्या धाग्याचं कापड विणून सैनिकांना घातलं. हे वाचून माझा वऱ्हाडी जीव हळहळला. इथे अकोटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांमुळे माणसाला चालायला जागा मिळत नसे, आणि तिकडे ते लोक आगपानाचे सदरे घालून लढत होते!

कुयरीचं सगळंच उलट. ती वेल आहे, वालाच्या घराण्यातली. पावसाळ्यात कुंपणावर, झाडावर चढते, जांभळ्या फुलांचे घोस काढते, आणि हिवाळ्यात तिला शेंगा धरतात. शेंग अशी सोनेरी मखमली की बघणाऱ्याला वाटावं, एखाद्या बाळराजाच्या टोपीला लावावी. तो मखमल म्हणजेच खाज. नेटल हा तरुणपणी तापट आणि वाळल्यावर निवळलेला गृहस्थ आहे. कुयरी म्हणजे पेन्शनीत निघाल्यावर चिडखोर झालेला हेडक्लार्क. वाळली की तिच्या रागाला खरी धार येते, कारण तेव्हा ते केस नुसत्या वाऱ्यानंही सुटतात.

हे ज्ञान मला 1963 साली, नरनाळ्याच्या किल्ल्यावर, शाळेच्या सहलीत झालं. नरनाळा म्हणजे आमच्या अकोटच्या उत्तरेला सातपुड्यात बसलेला म्हातारा. शहानूरवरून चढायचं, एकेक दरवाजा ओलांडायचा आणि महाकाली दरवाजाशी मास्तरांनी थांबवायचं, हा ठरलेला कार्यक्रम. हा दरवाजा 1487 सालचा. मास्तर आम्हाला इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला याची माहिती सांगत होते आणि मी माझ्या खिशात सापडलेल्या संपत्तीचा विचार करत होतो. वाटेत एका झुडपावरून मी दोन मखमली शेंगा तोडल्या होत्या. पुढे उभ्या असलेल्या मुलाची मान मोकळी होती. त्या वयात मोकळी मान दिसली की तिला काहीतरी लावावंसं वाटतंच.

मी शेंग लावली. तेवढ्यात दरीतून वारा आला.

पुढची दहा मिनिटं इमादशाहीच्या इतिहासात नोंदली गेली नाहीत हे त्या घराण्याचं नशीब. ज्याला लावली तो खाजवतोय, ज्यानं लावली तो खाजवतोय, आणि मागची अख्खी रांग खाजवतेय. खुद्द मास्तरांनी "कोण रे तो नालायक" असं म्हणत हातातली छडी उलटी धरून पाठीत घातली आणि ती तिथेच वरखाली करत राहिले. शेवटी गुरं चारणाऱ्या एका कोरकू म्हाताऱ्यानं उपाय सांगितला: ओलं शेण थापा, वाळू द्या, मग खरवडून काढा, केस त्याच्याबरोबर निघतात. चाळीस विद्यार्थी आणि एक शिक्षक पाचशे वर्षांच्या दरवाजाखाली शेणानं सारवून उन्हात वाळत बसले. गोवऱ्यासुद्धा इतक्या शिस्तीत बसत नाहीत.

म्हाताऱ्याचं शास्त्र पक्कं होतं, हे मला फार उशिरा कळलं. 1955 साली अमेरिकेत शेली आणि आर्थर या दोघांनी माणसांच्या कातडीत कुयरीचे केस मोजून टोचले. एक केससुद्धा पुरतो असं त्यांना आढळलं. खाज सुटते ती केसातल्या प्रथिन कापणाऱ्या एका विकरामुळे, आणि जोरात उष्णता दिली की ते मरतं. ही खाज हिस्टामिनची नव्हेच. पित्त उठल्यावरच्या गोळीनं ती फारशी शमत नाही. केस काढून टाकणं हाच उपाय, मग तो शेणानं करा की चिकटपट्टीनं. आम्हाला त्या दिवशी जे मिळालं ते उपचाराच्या दृष्टीनं योग्यच होतं. वासाबद्दल मी बोलत नाही.

आपल्या पूर्वजांना मात्र या वेलीनं भलतंच झपाटलेलं दिसतं. संस्कृतात तिला नावं किती! कपिकच्छू, म्हणजे माकडाची खाज. मर्कटी. कंडुरा. आणि सगळ्यांत सुंदर, आत्मगुप्ता: स्वतःचं स्वतः रक्षण करणारी. खाज ही ज्या वेलीची तक्रार नसून अब्रू आहे, तिला असं घरंदाज नाव देणारा माणूस मोठा असला पाहिजे. मलबारात तिला नायकुरणा म्हणतात. सतराव्या शतकात व्हान ऱ्हीड या डच सरदारानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ छापवला, त्यात ती त्याच नावानं आहे. पुढे लिनियसनं तिला लॅटिनमध्ये 'प्रुरिएन्स', म्हणजे खाजणारी, म्हटलं. इंग्रजांनी हिंदीतल्या 'केवाँच'चं 'कौहेज' केलं आणि काहींनी ते गाईची खाज समजून 'काउइच' लिहिलं. माकडाची खाज अशी समुद्र ओलांडून गाईच्या खाती जमा झाली.

आणि हे लोक ती खाजही खात होते! खोटं वाटेल, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत जंतांवर कुयरीचे केस काकवीत कालवून पोरांना चाटवत. केस आतड्यात जंतांना टोचतात आणि ते पळ काढतात, असा सिद्धांत. चेंबरलेन नावाच्या लंडनच्या एका सर्जननं त्यावर पुस्तकही लिहिलं. नरनाळ्याच्या वाऱ्याचा अनुभव घेतलेला मी, ते वाचताना कितीतरी वेळ तोंडावर हात ठेवून बसलो होतो.

आपल्या वैद्यांनी केस वाऱ्यावर सोडले आणि बी घेतलं. चरक-सुश्रुतांपासून ते बी येतं, आणि येतं ते मुख्यतः वाजीकरणाच्या प्रकरणात. आता वाजीकरण म्हणजे काय, हे मी इथे सांगणार नाही. आमच्या आजीनंही सांगितलं नव्हतं.

आजीचा एक डालड्याचा पिवळा डबा होता. त्याच्यावरचं नारळाचं झाड झिजून नुसता बुंधा उरला होता. हा डबा देवघराच्या वरच्या फळीवर, गंगेच्या गडूच्याही मागे. सहलीनंतर महिन्याभरात मी स्टुलावर स्टूल ठेवून तो गाठला. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काळ्या चकचकीत बिया होत्या, चिंचोक्याहून किंचित मोठ्या.

"हात नोको लावू त्याले!" आजी खालून ओरडली. "कवचाचं बी हाय ते. औषध हाय."

"कायचं औषध, आजी?"

"मोठ्या मानसाइचं."

"पण कायचं?"

"मोठा झाला म्हंजे समजीन."

"आबाजी तर मोठे हायेत. त्याइले दे ना मंग."

आजीनं मला स्टुलावरून कानाला धरून उतरवलं. यात माझं नेमकं काय चुकलं हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. हकीकत अशी की आजीचं लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. मग एका वैद्यांनी कवचबीज दुधात शिजवून, सालं काढून, तुपात तळून, साखरेच्या पाकात मुरवून दिलं. ग्रंथांत याला वानरी गुटिका म्हणतात. माकडाच्या नावाचं औषध घेणं हे आबाजींसारख्या अब्रूदार दिवाणजीला कसं वाटलं असेल कोण जाणे. पण त्यांनी ते घेतलं, आणि वर्षाच्या आत माझे वडील झाले. गुण औषधाचा की वर्षाचा, हा वाद घालायची माझी तयारी नाही. माझा त्यात हितसंबंध आहे. उरलेल्या बिया आजीनं जपून ठेवल्या आणि दरवर्षी बाजारात येणाऱ्या कोरकू बाईकडून थोड्या नव्या घेऊन त्यांत भर टाकली. नवस फिटला तरी देव्हाऱ्यातला नारळ हलवू नये, तसं होतं ते.

आबाजी एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. त्यांचं अक्षर असं की कापसाची पट्टीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसावी. साठी ओलांडल्यावर ते अक्षर बारीक होऊ लागलं. ओळीच्या आरंभी जोंधळ्याएवढं, शेवटी राळ्याएवढं. शेटजींना वाटलं, दिवाणजी शाई वाचवताहेत. त्यांनी कौतुक केलं. मग उजव्या हाताची बोटं आपोआप हलू लागली, तंबाखू मळावी तशी. मग पाय घासत चालणं आलं. आणि मग चेहरा थांबला. आबाजींचा चेहरा हसायचाच बंद झाला. आजी बिचारी दिवसभर त्यांच्या रागाचं कारण शोधत असे. "मीठ जास्त झालं का? थोरल्यानं काई म्हटलं का?" आबाजी हळू आवाजात "नाई गं" म्हणत, पण तोंडावर काही उमटत नसल्यानं तिला ते खोटं वाटे.

तेव्हाच्या डॉक्टरांनी 'वय झालं' असं निदान केलं. हे निदान वैद्यकाच्या इतिहासात आजवर कधीही चुकलेलं नाही. मात्र एक म्हातारे वैद्य एकदा घरी आले होते, त्यांनी आबाजींचा हात हातात धरून बघितला आणि म्हणाले, "कंपवात आहे. बरा नाही होत. पण कवचबीज वातावर चालतं. घरात असेल तर देऊन बघायला हरकत नाही."

वैद्य गेल्यावर आजी स्वैपाकघरात येऊन माझ्या आईवर कडाडली. "या वयात? नातवंडं पाठीवर खेळून रायली, अन् या वयात कवच खाऊ घालू त्याइले? लोकं काय म्हंतीन?"

आणि डबा वरच्या फळीवरून माळ्यावर गेला. आबाजी 1969 साली, दिवाळीनंतर गेले. शेवटचं वर्षभर त्यांना कुणीतरी भरवावं लागे.

हे सगळं मी विसरलो होतो. आठवलं ते नागपूरच्या डॉक्टरांसमोर, हात पुढे करून बसलो असताना. त्यांनी मला कागदावर एक वाक्य पाचदा लिहायला सांगितलं. पाचवं वाक्य लिहून झालं आणि मला त्या कागदावर जिनिंगची पट्टी दिसली.

तेव्हापासून मी या रोगाचा इतिहास वाचू लागलो. (ज्याला स्वतःचा रोग मिळाला त्याला वाचनाचा छंद आपोआप लागतो.) जेम्स पार्किन्सन हा लंडनचा साधा डॉक्टर. 1817 साली त्यानं 'कंपाच्या लकव्या'वर एक पुस्तिका लिहिली. त्यात रोगी सहा, आणि त्यांतले तीन त्यानं रस्त्यावरच पाहिलेले. अकोटच्या आठवडी बाजारात बसला असता तरी त्याचं काम झालं असतं. रोगाला त्याचं नाव मिळालं, पण उपाय पुढे दीडशे वर्षं सापडला नाही.

सापडला तो असा. 1913 साली बाझेलमध्ये गुगेनहाइम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं एका प्रकारच्या वालाच्या शेंगांतून 'डोपा' नावाचं द्रव्य वेगळं केलं, अडीच ग्रॅम स्वतः खाल्लं, आणि जोरदार ओकला. वालाचं बिरडं अती झालं की काय होतं हे कुठल्याही मराठी माणसानं त्याला सांगितलं असतं. 1937 साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य आपल्या कुयरीच्या बियांतून काढलं, आणि बरंच जास्त मिळालं. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मग 1957 साली स्वीडनमध्ये कार्लसन यांनी सशांना रेसरपीन टोचलं. हे औषध आपल्या सर्पगंधेतून निघालेलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे 1949 साली जगाला सांगितलं होतं. सर्पगंधेनं ससे कान पाडून निपचित बसले. त्यांना डोपा दिलं आणि ते पुन्हा हिंडू लागले. मेंदूत डोपामिन आटलं की अंग थिजतं, आणि डोपा दिलं की ते परत तयार होतं, ही वाट तिथून उघडली. 1961 साली व्हिएन्नात ते पहिल्यांदा माणसांना टोचलं. 1967 साली अमेरिकेत कोत्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेली तर ते पोटातूनही सोसतं आणि खिळलेली माणसं उठून चालतात, असं दाखवलं. 1970 साली तिथे त्या गोळीला परवानगी मिळाली.

सत्तर. आबाजी एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर गेले. त्यांच्या डोक्यावर माळा होता, माळ्यावर डबा होता आणि डब्यात डोपा होतं. आजी ते चोरून ठेवत होती, कारण तिला वाटत होतं की ते भलत्याच कामाचं आहे.

मी हे नागपूरच्या डॉक्टरांना जरा आवेशातच सांगितलं. आवेशामुळे हात आणखी थरथरला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सध्या तुम्ही गोळीशिवाय काय काय घेता?" मी यादी वाचली. नेटलच्या चहाला ते नुसते हसले. म्हणाले, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगत जा. कवचबीजाशी आल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बंद करा."

"का? औषध नाही का ते?"

"औषध आहे. म्हणूनच बंद करा. इतर पुड्यांची मला एवढी काळजी नाही."

मग त्यांनी समजावलं. गोळीत जे आहे तेच बियांत आहे. दोन्ही घेतलं की मात्रा दुप्पट. मग ओकाऱ्या, उभं राहिल्यावर भोवळ, हातपाय वेडेवाकडे नाचणं, नसलेली माणसं दिसणं, काहीही. शिवाय बियांत डोपा साधारण तीन ते सहा टक्के. म्हणजे एका वेलीचं बी दुसरीच्या दुप्पट. चमचा तोच, औषध निराळं. गोळीत जोडीला कार्बिडोपा असतं, त्यामुळे डोपा मेंदूत पोचेपर्यंत वाटेत खर्च होत नाही. बियांत तसा सोबती नाही, म्हणून ती खूप खावी लागतात. 2004 साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तपासणी झाली, त्यात तीस ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर, सुमारे अर्ध्या तासात आला. बोलिव्हियात अठरा रुग्णांना भाजलेल्या बियांची पूड दिली, तिथेही गुण आला. तो निकाल 2017 साली छापला. पण पुढे तिथल्याच काही जणांना रोज आठवड्यांमागून आठवडे घ्यायला लावली तेव्हा निम्म्यांनी सोडून दिली. कुणाचं पोट ऐकेना, कुणाचं चालणं बिघडलं.

तीस ग्रॅम! आजीनं दिली असती तर दिली असती चिमूटभर, मधातून, एकादशी सोडून. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि काळजावरचा धोंडा थोडा हलका झाला. थोडाच. कारण ते म्हातारे वैद्य पुन्हा आले असते, चिमटीचा चमचा झाला असता, चमच्याचे दोन झाले असते. कदाचित एखाद्या दिवशी आबाजींच्या तोंडावर हसू उमटलं असतं आणि आजीला खात्री पटली असती की मीठ बरोबर आहे. कदाचित नुसतेच ओकले असते. हे आता कुणी सांगू शकत नाही.

परत आल्यावर मी नातीला शिडीवर चढवून डबा खाली काढला. झाकण गंजलेलं. आतल्या बियांना टोके लागून त्यांची चाळणी झालेली, तळाशी काळपट भुकटी. शार्ङ्गधर हा तेराव्या-चौदाव्या शतकातला ग्रंथकार. तो सांगून गेला आहे की वनस्पती वर्षाच्या आत वापरावी आणि चूर्ण दोन महिन्यांच्या. जुनं चांगलं ते फक्त वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध. पिंपळी म्हणजे आमच्या अकोट-अंजनगावच्या पानमळ्यांतली पानपिंपरी. तिला म्हातारपण मानवतं. कवचाला नाही. डोपाला दमट हवा लागली की ते काळवंडतं. जर्मन पुडीवरही हेच छापलंय: कोरड्या जागी, उजेडापासून दूर, झाकण घट्ट, वर्षाच्या आत संपवा. सातशे वर्षांत साठवणीचा कायदा फारसा बदललेला नाही. बदलतं ते एवढंच, की पुडीवर लिहिलेलं असतं आणि डब्यावर काहीच नसतं.

पण काही होतं. लुगड्याच्या तुकड्याखाली घडी घातलेला कागद निघाला. मोडी. अक्षर आबाजींचं, तरणं, लग्नपत्रिकेसारखं. मला मोडी येत नाही. अकोल्याला एक वृद्ध गृहस्थ जुनी खतं वाचून देतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचलं: बी पावशेर, दूध चार शेर, मंद आचेवर, सालं काढून, सावलीत सुकवून, वरातीच्या लाडवाएवढं नव्हे तर सुपारीएवढं, सकाळी एक. शेवटच्या ओळीशी ते थांबले आणि हसले.

"काय लिहिलंय?"

"बाहेर बोलू नये."

बिया मी टाकून दिल्या. शेजाऱ्यांची बाटली त्यांना परत केली आणि कारण सांगितलं, मोठ्यानं, त्यांच्या सुनेसमोर; ते जरा लाजले. नेटलचा चहा मात्र चालू आहे. त्यानं हात थांबत नाही, पण भाच्याचा फोन येतो.

डबा घासून घेतला आणि त्यात पाच ताजी कवचाची बी ठेवली, खाण्यासाठी नव्हे, ओळखीसाठी. बाजूला तो मोडी कागद. मग वर चिकटवायला चिठ्ठी लिहायला बसलो. गोळी घेऊन अर्धा तास झाला होता, हात त्यातल्या त्यात बरा होता. लिहिलं: 'कवचाचं बी. हात थरथरण्यावरचं औषध यात आहे. डॉक्टरांना विचारून, घरात सगळ्यांना सांगून मगच.'

नातीनं चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ नेली. "आबा, सुरुवातीचं वाचता येतं. शेवटी शेवटी काय मुंगळ्या सोडल्यात?"

"कुठून पुढे लागत नाही?"

"'घरात'पासून."

मी म्हटलं, मग तेवढं तू लिही. मोठ्या अक्षरात.